मालक आत हाईत

गोव्यात, आमच्या धारगळात, नवऱ्याला 'घोव' म्हणतात. बायको त्याच्याशी बोलताना 'अहो' म्हणते, आणि फारच रागावली तर काहीच म्हणत नाही. माझी बायको चंदगडकडची. तिकडे नवऱ्याला 'मालक' म्हणायची पद्धत. 'आमचे मालक ड्युटीवर गेलेत', 'मालकांना वांगं चालत नाही', 'थांबा, मालकांना विचारून सांगते' असं तिचं चालायचं. लग्न होऊन आली तेव्हा वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकजण तर तिला सरळ म्हणाली, "गो, तू लग्न करून इलंस की ह्याच्याकडे कामाक रवलंस?" मला मात्र शब्द आवडायचा. का नाही आवडणार? जगात दुसरं कोणी मला मालक म्हणत नव्हतं.

माझं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि तेव्हाही नेमक्या त्या क्षणाला बँडवाल्यांनी उचल खाल्ली, त्यामुळे मला ते ऐकूच आलं नाही. मुलगी झाली तेव्हा मी औषधं आणायला खाली गेलो होतो. नर्सने बाळाच्या बापाचं नाव विचारलं तर हिने कागद मागून घेतला आणि त्यावर लिहून दिलं. नर्सला वाटलं, बाईचा घसा बसलाय. तिने गरम पाणी आणून दिलं.

एके काळी मी खरोखरच मालक होतो. हमरस्त्याला लागून माझं दुकान होतं. रंग, खिळे, नळाचे पाइप, कडीकोयंडे. रस्ता रुंद करायचा ठरला आणि दुकान बरोबर मध्ये आलं. गेलं. कपाटं घरी आणून बाजूच्या खोलीत लावली आणि पत्र्याचा बोर्ड तेवढा उरला, वर दुकानाचं नाव, खाली 'प्रोप्रायटर' आणि पुढे मी. मला असा राग आला होता म्हणता, त्या बोर्डाला बिजागऱ्या ठोकल्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवला. आई म्हणाली, बरा दिसत नाय. म्हटलं, गिऱ्हाइकांनी वाचून झालं, आता कोंबड्यांना वाचू दे. तेव्हापासून मी मोप्याच्या विमानतळावरून भाड्याची गाडी चालवतो. गाडी दुसऱ्याची, रस्ता सरकारचा, आणि मी मालक तो फक्त घरात आल्यावर.

आता बायकोच्या तव्यांबद्दल सांगतो, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

तिने माहेराहून एक बिडाचा तवा आणला होता. काळाकुट्ट, जड, एका हाताने उचलायचा म्हटला तर मनगट बोलतं. पण त्यावर घावणे असे सुटायचे की बघत राहावं. डिचोलीची माझी मावसबहीण एकदा आली, सकाळी घावणे खाल्ले, आणि दुपारी परत निघताना घावण्यांचं राहिलं बाजूला, तवाच मागायला लागली. बायको म्हणाली, हा देणार नाही, दुसरा मागवून देते. तिच्या माहेरच्या बाजूला बिडाची भांडी ओतणारा एक कारखानदार आहे, त्याला तिने फोन केला. त्याने तवा परस्पर डिचोलीला पाठवला. मावसबहिणीच्या शेजारणीने तो बघितला. मग शेजारणीच्या नणंदेने. फोनवर फोटो फिरले आणि वर्षभरात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बायकोचे तवे, आप्पेपात्रं आणि कढया पोचल्या. आमच्या घरात मात्र त्यातलं एकही भांडं आलं नाही. गिऱ्हाईक हिला सांगणार, पैसे हिला देणार, ही कारखानदाराला पत्ता कळवणार, आणि तो तिकडून पार्सल धाडणार.

ह्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात, असं तिनेच मोबाईलवर शोधून काढलं. मी म्हटलं, "म्हणजे दलाली."

"दलालाला शिव्या पडत न्हाईत," ती म्हणाली. "तवा तडकला तर गिऱ्हाईक मला फोन करतंय, त्याला न्हाई."

आणि खरंच करायचं. मी घरी असलो की ऐकायचो. डाळ उकळत असायची, फोन कान-खांद्यात दाबलेला, आणि ही कुठल्या तरी मडगावच्या बाईला सांगायची, "ताई, घाबरू नका. गंज न्हवं तो. तेल लावून मंद गॅसवर ठेवा, कांद्याच्या फोडीनं घासा, आणि पहिला घावणा गाईला घाला. दुसरा तुम्ही खावा आन् मग मला शिव्या द्या." शिव्या कोणी दिल्या नाहीत. उलट फोटो यायचे, जाळीदार घावण्यांचे. ती ते मला दाखवायची. मी दुकानदारी केलेला माणूस, पण गिऱ्हाइकाने मला भिंत रंगवल्याचा फोटो कधी पाठवला नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं. बोललो नाही कधी, आमच्यात तशी रीत नाही, पण वाटायचं.

मग पुण्याहून मागणी यायला लागली, आणि तिथे गाडी अडली. राज्याबाहेर माल विकायचा, मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडायचं, तर जीएसटी नंबर हवा. कारखानदाराने स्पष्ट सांगितलं. पुण्याचा एक जण, नंबर असलेला, त्याच्यामागे लागला होता की हे सगळं ऑनलाइनचं काम मला द्या. "वहिनी, तुमच्यासाठी चवथीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्याच्या पुढं माझाबी नाइलाज हाय." म्हणजे गणपतीआधी नंबर आला तर तवे हिचे. नाही आला तर बाजार त्या पुण्याच्या माणसाचा.

मी म्हटलं, म्हापशाला एक जण आहे, तो सगळं करून देतो. ती म्हणाली, "माझं हाय, मी करते." हे ती का म्हणाली ते मला ठाऊक होतं. मागे बँकेत तिचं खातं उघडायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने पॅनकार्ड, आधार सगळं विचारलं. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा वरही न बघता 'गृहिणी' टाकलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी."

तर तिने मोबाईलवरच सगळं भरलं. धंद्याची जागा म्हणून दुकानाची कपाटं ठेवलेली ती बाजूची खोली दाखवली. वीजबिल आईच्या नावावर, म्हणून आईचं संमतिपत्र लागलं. आईने चष्मा लावला आणि अक्षर न् अक्षर वाचलं.

"उद्या खोली परत दिलंस नाय तर?"

"आई, मी कुठं जाणार? तुमच्याच घरात हाय."

"तां खरां," आई म्हणाली आणि सही केली. मग शेजारी जाऊन सांगून आली की आपण सुनेला खोली भाड्याने दिलीय, पण भाडं घेत नाही.

अर्ज गेला. आठवड्याभराने कळलं की खात्याचा माणूस जागा बघायला येणार. कधी, ते नाही कळलं. बायको रोज सकाळी खोली झाडायची, कपाटं पुसायची आणि वाट बघायची. चवथ जवळ येत चालली होती. तिची जेवणावरची वासना उडाली, हे मला दिसत होतं. एका दुपारी गॅसजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "न्हाई मिळाला तर तवे विकणं बंद करीन. दुसऱ्याच्या नावावर न्हाई विकायचे."

आणि तो आला तो नेमका श्रावणातल्या सोमवारी, सकाळी. मी पहाटेचं भाडं करून आलो होतो आणि आत बनियनवर पडलो होतो. बायको रांधपात गुंतलेली, हात पिठात. दारात एक गृहस्थ उभा, काखेत फाइल. त्याने विचारलं, "दुकानाचे मालक आहेत का?"

आता बघा. खात्याचा माणूस आपलं नाव घेऊन विचारणार, असं ती धरून बसली होती. वीसेक वर्षं जिच्या तोंडात एका माणसासाठी हा एकच शब्द बसलाय, ती दुसरं काय सांगणार? ती म्हणाली, "मालक आत हाईत. बसा की." आणि आत हाक मारली, "अहो, तुमच्याकडं कोणतरी आलंय!"

मी शर्ट चढवत बाहेर आलो. दुकानाचे मालक! माझ्या आयुष्यात दुकान एकच, ते रस्त्यात गेलेलं. मला वाटलं, जुन्या दुकानाचं काही राहिलेलं काम घेऊन कोणी आलाय. छाती पुढे काढली. "हो, मीच मालक. बसा, बसा." त्याला कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून दिली.

"किती वर्षं धंद्यात आहात?"

"लग्नाच्या आधीपासून!" मी म्हटलं. वर आणि हसलो.

त्याने लिहून घेतलं. मग इकडेतिकडे नजर टाकली. अंगणात खुराडं. खुराड्याचं दार. दारावर माझं नाव, त्याच्याआधी 'प्रोप्रायटर'. एक कोंबडी त्या बोर्डासमोर उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. तो उठला, जवळ गेला, वाचलं, परत येऊन बसला आणि फाइल मिटली.

"म्हणजे धंदा तुमचा आणि अर्ज बाईंच्या नावावर," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "असे अर्ज आम्हाला पुष्कळ येतात. मालक तुम्ही आहात तर अर्ज तुम्ही करा. मी जे ऐकलं आणि बघितलं ते लिहिणार."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडला की माझा पारा चढतो, हा माझा स्वभाव. "कसला धंदा माझा!" मी ओरडलो. "तो बोर्ड कोंबड्यांचा आहे!" ह्या वाक्याने काय उपयोग होणार होता कोण जाणे. मी जेवढा मोठ्याने बोलू लागलो तेवढा त्याचा चेहरा बंद होत गेला. गडबड ऐकून आई बाहेर आली. तिने ऐकलं होतं की खात्याचा माणूस माल बघतो. खोलीत तर माल नाही. म्हणून तिने रांधपातला आमचा तवाच उचलून आणला होता, एका बाजूला घावणा चिकटलेला. "ह्यो बघा माल," ती म्हणाली. "बाकीचो सगळो मोबायलात असा."

तो गृहस्थ उठलाच.

"साहेब, बसा," बायको म्हणाली.

ती दारात उभी होती. हातावरचं पीठ तसंच. तिचा आवाज एवढा साधा होता की तो खरंच बसला.

"माल माझ्या घरात येतच न्हाई," ती म्हणाली. "अर्जात मी तसंच लिहिलंय. गिऱ्हाईक मला सांगतं, माल कारखान्यातनं परस्पर जातो. खोलीत कपाटं हाईत ती ह्यांच्या जुन्या दुकानाची, ते दुकान रस्त्यात गेलं. ह्या खोलीत बसून मी हिशेब करणार आन् फोन घेणार. धंदा माझा हाय का ह्यांचा, ते तुम्ही ह्यांनाच विचारा. तवा किती इंचाचा मिळतो विचारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "किती इंचाचा?"

"गोल असतो," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर कुठे जातो?"

"परत... इथेच येत असेल."

"इथं न्हाई, कारखान्यात जातो," ती म्हणाली. "आन् गिऱ्हाइकाला दुसरा जातो. पहिला पोचायच्या आधी."

"रिटर्न कधी भरणार?" त्याने मला विचारलं.

"आता सांगितलं ना तिने, कारखान्यात जातो!"

तो पहिल्यांदा हसला. कराचं रिटर्न विचारलं होतं त्याने, मी तवा परत पाठवून मोकळा. आयुष्यात माझ्या अडाणीपणाचा एवढा उपयोग कोणाला झाला नव्हता. मला तर वाटलं, अजून विचार, अजून चार गोष्टी विचार, मला त्यातलं काहीच येत नाही.

पण माणूस कामाचा पक्का होता. तो म्हणाला, "बाई, हे सगळं ठीक. पण मी दारात विचारलं, मालक आहेत का, तेव्हा तुम्हीच म्हणालात, मालक आत आहेत."

"आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात."

"ते मी कागदावर कसं घालू? हे तुमचे कोण आणि ह्यांचं नाव काय, ते तुमच्या तोंडाने सांगा. मी तसं लिहितो. मग तुम्ही सही करा."

आईने तवा हळूच सोप्यावर ठेवला. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फक्त त्या माणसाला ठाऊक नव्हतं की त्याने काय मागितलंय. मी घाईघाईने म्हटलं, "साहेब, कागद द्या, ती लिहून देईल." त्याने हात वर करून मला थांबवलं.

बायकोने हात पदराला पुसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तिने माझं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. उखाणा नाही, लाजणं नाही, शाळेत हजेरी घेतात तसं, स्पष्ट.

"हे माझे नवरे," ती म्हणाली. "मालक मी."

माझं नाव मला माहीत होतं, लायसनवर आहे, खुराड्यावर आहे, पण तिच्या आवाजात ते कसं असतं हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मी खुराड्याकडे तोंड करून उभा राहिलो.

त्याने लिहिलं. तिने सही केली. मग तो म्हणाला की फोटो काढायचाय, पण जागेवर नावाचा बोर्ड नाही. आता बोर्ड कुठून आणणार? तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खुराड्याकडे. मी काय ते समजलो. पेचकस आणला, बिजागऱ्या सोडवल्या, बोर्ड उलटा केला. मागची बाजू कोरी होती. दुकानातला लाल रंगाचा एक डबा अजून पडला होता, वरची साय फोडल्यावर खाली ताजा. मी ब्रश दिला. तिने अंगणात बसून आपल्या धंद्याचं नाव लिहिलं, अक्षर थोडं चढत गेलं, पण चांगलं. खाली लिहायला घेतलं, 'मालक', पुढे स्वतःचं नाव.

आई सोप्यावरून बघत होती. "मालकीण लिही गो."

"मालकीण म्हणजे मालकाची बायको, आई," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

तोपर्यंत गृहस्थाने चहा घेतला, आणि आईने त्याला त्याच तव्यावरचा घावणाही खायला लावला. बोर्डाशेजारी उभी राहून तिने फोटो काढून घेतला. रंग ओला होता, तिच्या साडीच्या काठाला लागला. ती साडी तिने अजून तशीच ठेवलीय.

नंबर चवथीच्या आधी आला. दिवेलागणीची वेळ होती, मी अंगणात होतो, ती सोप्यावर मोबाईल घेऊन. वाचलं, परत वाचलं, आणि आईच्या पाया पडली. मग कारखानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला.

"नंबर आला," ती म्हणाली.

"वा, वा, वहिनी! झ्याक झालं! कुणाच्या नावावर काढला, मालकांच्या?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी कान टवकारून उभा. म्हटलं, आता परत एकदा येतंय ते नाव. परत एकदा ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

"होय ओ," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मालकांच्याच."

फोन झाल्यावरही ती हसतच होती. मी कोंबड्या आत घालायला गेलो, तर खुराड्याच्या तोंडाला त्या दिवसापासून पोतंच लावलेलं, दार कुठे होतं? ते पुढच्या दारावर लटकत होतं, तिच्या नावाची बाजू बाहेर आणि माझी भिंतीला. मी एक फळी शोधली आणि नवं दार ठोकायला बसलो.